हानिन्यूनीकरण, मादक पदार्थविषयक

मादक पदार्थांचे सेवन पूर्णपणे थांबविणे ज्यांना अद्याप शक्य झालेले नाही, अशा व्यक्तींना त्या सेवनापासून होणारे आजार, मृत्यू व सामाजिक दुरवस्था शक्य तितकी कमी करण्याच्या हेतूने ज्या आरोग्यसेवा पुरविल्या जातात, त्यांना हानिन्यूनीकरण सेवा असे म्हणतात. निर्जंतुक सुया व सिरिंजा पुरविणे, वापरलेल्या परत घेणे, अफूजन्य पदार्थांऐवजी वैद्यकीय देखरेखीखाली पर्यायी औषध देणे, एचआयव्हीची तपासणी व उपचार करणे आणि अतिमात्रेमुळे होणारे मृत्यू टाळणे, या त्यांतील प्रमुख बाबी होत. व्यसनमुक्ती व हानिन्यूनीकरण यांची अंतिम दिशा परस्परविरोधी नाही. फरक क्रमाचा आहे. व्यसनमुक्ती केंद्रात सेवन थांबविणे ही पहिली पायरी मानली जाते, तर हानिन्यूनीकरणात ती व्यक्ती जिवंत व संसर्गमुक्त राहणे ही पहिली पायरी समजली जाते. सेवन सुटण्यास अनेकदा वर्षे लागतात, एचआयव्हीचा संसर्ग मात्र एका अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) होऊ शकतो. या कालांतरामुळेच या सेवांची गरज निर्माण झाली.

संक्रमणाची रीत : नीलेत सुई टोचल्यावर ती नीलेत शिरली की नाही, हे पाहण्यासाठी दट्ट्या थोडा मागे ओढला जातो व सिरिंजेत रक्त येते. अंतःक्षेपणानंतरही सुईच्या पोकळीत व सिरिंजेच्या टोकाशी उरलेल्या जागेत त्याचा सूक्ष्म अंश राहतो. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरल्यास हा अंश सरळ त्याच्या रक्तप्रवाहात जातो. सिरिंजेत शिल्लक राहिलेल्या रक्तात एचआयव्ही व्हायरस कित्येक दिवस आणि थंड हवेत काही आठवडेही जिवंत राहू शकतो, असे प्रयोगांत आढळले आहे. यकृतशोथ-सीचा (हिपॅटायटीस-सीचा) व्हायरस त्याहूनही चिवट आहे. केवळ सुईच नव्हे, तर पदार्थ विरघळविण्याचे भांडे, तो गाळण्याचा कापूस व सिरिंज धुण्याचे पाणी सामाईक असल्यासही संसर्ग संभवतो. उपलब्ध अनुमानांनुसार संसर्गित व्यक्तीने वापरलेल्या सुईने दुसऱ्याने एकदा मादक पदार्थ घेतल्यास एचआयव्हीची बाधा होण्याची शक्यता दर दहा हजार प्रसंगी सु. ६३ एवढी असते. हा आकडा लहान वाटला, तरी व्यसनी व्यक्ती दिवसातून दोन-तीन वेळा अंतःक्षेपण घेत असल्याने वर्षभरात धोका फार मोठा होतो. त्यातच नव्याने बाधा झालेल्याच्या रक्तात व्हायरसांची संख्या अत्यधिक असते. त्यामुळे सुया सामाईक वापरणाऱ्या गटात एकदा शिरकाव झाला की, प्रसार स्फोटक वेगाने होतो. पुढे लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराकडे आणि मातेकडून अर्भकाकडे पोहोचतो.

अंतःक्षेपणाने घेतले जाणारे पदार्थ : भारतात हेरॉइनाबरोबरच ब्युप्रेनॉर्फीन व पेंटाझोसीन यांसारखी वेदनाशामके अंतःक्षेपणाने घेतली जातात. त्यांच्यात फेनिरामीन किंवा प्रोमेथाझीन ही अधिहर्षतारोधी (ॲलर्जीवरील) औषधे आणि डायाझेपाम मिसळण्याचा प्रघात अनेक शहरांत आढळतो. या मिश्रणांमुळे शुद्ध हरपण्याचा व श्वसन मंदावण्याचा धोका वाढतो; नीला खराब होतात व गळवे होऊन जखमा चिघळतात. महाराष्ट्रात १९८० नंतरच्या काळात कमी शुद्धतेचे हेरॉइन ‘ब्राउन शुगर’ किंवा ‘गर्द’ या नावांनी पसरले. प्रारंभी ते प्रामुख्याने चांदीच्या कागदावर तापवून त्याचा धूर ओढण्याच्या रीतीने घेतले जात असे. माल महाग होतो किंवा दुर्मिळ होतो, तेव्हा थोड्या मात्रेत अधिक परिणाम साधण्यासाठी सेवन करणारे अंतःक्षेपणाकडे वळतात, असा अनुभव अनेक देशांत आला आहे. पुरवठ्यावरील कारवाई आरोग्यसेवांच्या जोडीविना झाल्यास तिचा हा अनपेक्षित परिणाम होऊ शकतो.

इतिहास : व्यसनी व्यक्तीस वैद्यकीय देखरेखीखाली मर्यादित मात्रा देण्याची कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये १९२६ मध्ये रॉलेस्टन समितीने विशिष्ट रुग्णांना मॉर्फीन किंवा हेरॉइन लिहून देण्याचा वैद्यांचा अधिकार मान्य केला. भारतात १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने अवैद्यकीय अफुसेवन दहा वर्षांत बंद करण्याचे ठरविले व १९५९ मध्ये ते अंमलात आले. तथापि नोंदणी झालेल्या अफूच्या व्यसनींना वैद्यकीय कारणास्तव परवान्यावर मर्यादित अफू मिळण्याची सोय ठेवण्यात आली होती. न्यूयॉर्क येथे व्हिन्सेंट डोल व मारी निस्वांडर यांनी १९६४ पासून हेरॉइनच्या व्यसनींना मेथाडोन देऊन स्थिर करण्याच्या उपचाराचा अभ्यास केला व तेथून आधुनिक पर्यायी उपचाराचा पाया घातला गेला.

सुई-विनिमयाचा आरंभ १९८४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे झाला. मादक पदार्थ घेणाऱ्यांच्याच संघटनेने यकृतशोथ-बी रोखण्यासाठी तेथे पुढाकार घेतला होता. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे सिरिंजांच्या विक्रीवर निर्बंध आल्याने सुया सामाईक वापरण्याचे प्रमाण वाढले आणि १९८५–८६ मध्ये तपासलेल्यांपैकी सु. निम्म्या व्यक्तींना एचआयव्हीची बाधा झाल्याचे आढळले. याउलट लिव्हरपूल व भोवतालच्या प्रदेशात १९८६ पासून सुई-विनिमय व पर्यायी उपचार सुरू झाले आणि तेथील प्रमाण अत्यल्प राहिले. एका देशातील दोन शहरांचा हा अनुभव धोरणकर्त्यांना मार्गदर्शक ठरला. ब्रिटनच्या सल्लागार मंडळाने १९८८ मध्ये एचआयव्हीचा प्रसार हा मादक पदार्थांच्या दुरुपयोगापेक्षाही समाजाला मोठा धोका असल्याचे मत नोंदविले. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फीन यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये आवश्यक औषधांच्या आदर्श यादीत केला.

भारतातील प्रसार : भारतात एचआयव्हीची बाधा प्रथम १९८६ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे उघडकीस आली. मणिपूरमध्ये अंतःक्षेपण घेणाऱ्यांत १९८९–९० मध्ये ती आढळली व अवघ्या काही महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींपर्यंत पोहोचली. म्यानमारच्या सीमेवरून येणारे हेरॉइन, सुयांची टंचाई व सुई जवळ बाळगल्यास पोलिसांकडून होणारी अटक ही तेथील परिस्थिती होती. मणिपूरने १९९६ मध्ये आपल्या राज्य एड्स धोरणात हानिन्यूनीकरणाचा स्वीकार केला. असे करणारे ते भारतातील पहिले राज्य होय. दिल्ली येथे ‘शरण’ या संस्थेने १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांतच जिभेखाली ठेवावयाच्या ब्युप्रेनॉर्फीनचा उपचार सुरू केला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–१२) सुई-विनिमय व पर्यायी उपचार शासकीय कार्यक्रमाचे अधिकृत अंग बनले आणि २०१२ पासून मेथाडोनचाही प्रायोगिक वापर सुरू झाला.

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सु. साडेआठ लाख व्यक्ती अंतःक्षेपणाने मादक पदार्थ घेतात. अशा व्यक्तींची संख्या अधिक असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, दिल्ली, मणिपूर व नागालँड यांबरोबर महाराष्ट्राचाही उल्लेख आहे. देशातील प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीबाधितांचे प्रमाण २०२१ मध्ये शेकडा ०.२१ एवढे होते; त्याच वर्षीच्या प्रहरी सर्वेक्षणात अंतःक्षेपण घेणाऱ्यांत ते शेकडा ९ च्या आसपास, म्हणजे चाळीसपटींहून अधिक आढळले.

सेवांचे स्वरूप : संयुक्त राष्ट्रसंघाच्या संबंधित संस्था व जागतिक आरोग्य संघटना यांनी २००९ मध्ये नऊ सेवांचा एक सर्वंकष संच निश्चित केला. सुई-सिरिंज पुरवठा, पर्यायी औषधोपचार, एचआयव्हीची तपासणी व समुपदेशन, प्रतिव्हायरस उपचार, लैंगिक संक्रामक रोगांचे निवारण, निरोध-वाटप, माहिती व प्रबोधन, यकृतशोथाचे निदान, लसीकरण व उपचार आणि क्षयरोगाचे निदान व उपचार यांचा त्यात समावेश होतो. अतिमात्रेवर उतारा म्हणून नॅलोक्झोन समाजात उपलब्ध करून देण्याची शिफारस २०१४ मध्ये करण्यात आली. या सेवा सुट्या दिल्यास त्यांचा परिणाम मर्यादित राहतो. एकत्र दिल्यास त्या परस्परांस पूरक ठरतात.

(१) सुई-विनिमय : प्रत्येक अंतःक्षेपणास नवी निर्जंतुक सुई व सिरिंज असावी, हे या सेवेचे तत्त्व आहे. दिवसातून तीन वेळा अंतःक्षेपण घेणाऱ्यास वर्षाला सु. १,१०० सुया लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने दरडोई वर्षाला किमान २०० व पुढे २०३० पर्यंत ३०० सुया असे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे हे उद्दिष्ट गाठले, तरी गरजेचा काही भागच पूर्ण होतो. वापरलेल्या सुया परत घेणे हा या सेवेचा तितकाच महत्त्वाचा भाग होय. त्या जाड भिंतीच्या, न टोचणाऱ्या पेटीत साठवून जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार नष्ट केल्या जातात. त्यामुळे मुले, सफाई कामगार व कचरावेचक यांचा धोका कमी होतो. हे काम बहुधा सहशिक्षक, म्हणजे पूर्वी स्वतः त्या व्यसनातून गेलेल्या व्यक्ती, करतात. ज्यांच्यावर पोलिसांची व शेजाऱ्यांची नजर असते, ते अनोळखी कर्मचाऱ्यावर सहसा विश्वास ठेवीत नाहीत, सहशिक्षकावर ठेवतात. सुई देताना गळवांवर मलमपट्टी करणे, तपासणीस प्रवृत्त करणे व रुग्णालयात सोबत नेणे ही कामेही तोच करतो. म्हणूनच सुई हे या सेवेचे साधन असून संपर्क हे तिचे खरे फलित होय, असे म्हणता येईल.

(२) पर्यायी औषधोपचार : हेरॉइन मेंदूतील विशिष्ट ग्राहींना (संवेदनक्षम रेणूंना) चिकटून परिणाम घडविते. तो काही तासांत ओसरतो व अंगदुखी, जुलाब, घाम, अस्वस्थता आणि निद्रानाश ही विरतीची लक्षणे सुरू होतात. ती टाळण्यासाठी पुढचा डोस आणि त्यासाठी पैसा मिळविणे, याभोवती दिवस फिरत राहतो. ब्युप्रेनॉर्फीन त्याच ग्राहींना दृढपणे चिकटते, परंतु त्यांना अंशतःच उत्तेजित करते. त्याचा परिणाम २४ तास वा त्याहून अधिक टिकतो आणि एका मर्यादेपुढे मात्रा वाढविली तरी श्वसन-अवरोध त्या प्रमाणात वाढत नाही. जिभेखाली विरघळणारी ही गोळी केंद्रातील परिचारिकेसमोर रोज घ्यावयाची असते. मेथाडोन द्रवरूपात पाजले जाते. असा उपचार चालू असलेली व्यक्ती गुंगीत नसते. ती काम करू शकते, घरी राहू शकते व क्षय किंवा एचआयव्हीवरील औषधे नियमितपणे घेऊ शकते. हा उपचार महिने किंवा वर्षे चालू ठेवावा लागतो. तो अकाली बंद केल्यास पुन्हा हेरॉइनकडे वळण्याचा व सहनशक्ती घटलेली असल्याने अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका असतो. कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० मध्ये काही दिवसांची औषधे घरी नेण्याची मुभा देण्यात आली.

(३) एचआयव्हीवरील उपचार : भारतात प्रतिव्हायरस औषधे शासकीय केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली. निदान होताच, रोगप्रतिकारक पेशींची संख्या न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण एप्रिल २०१७ मध्ये स्वीकारण्यात आले. नियमित उपचाराने रक्तातील व्हायरसांची संख्या इतकी घटते की, लैंगिक संबंधातून संसर्ग पोहोचत नाही. यकृतशोथ-सीवरील उपचार २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य दिला जातो.

महाराष्ट्रातील कार्य : महाराष्ट्रात एचआयव्हीचा प्रसार मुख्यतः लैंगिक संबंधांतून झाला, अंतःक्षेपणाचा प्रश्न प्रामुख्याने मुंबई व तिच्या परिसरात केंद्रित राहिला. २००० नंतरच्या दशकातील प्रहरी सर्वेक्षणांत मुंबईतील अंतःक्षेपण घेणाऱ्यांत बाधितांचे प्रमाण बहुधा शेकडा २० च्या आसपास आढळत होते. व्यसनमुक्तीचे कार्य राज्यात त्याआधीच सुरू झाले होते. मुंबईत १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ व पुण्यात १९८६ मध्ये अनिता व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ ही केंद्रे स्थापन झाली. गर्दच्या व्यसनाविषयी मराठी वाचकांत जाणीव निर्माण करण्यात अनिल अवचट यांच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनींपर्यंत सुया, मलमपट्टी व पर्यायी औषध पोहोचविण्याचे काम मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ या संस्थेने केले. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था व महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था या १९९८ पासून अशा उपक्रमांस शासकीय आधार देत आल्या आहेत.

राज्याच्या इतर भागांत प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. नागपूरसारख्या शहरात एचआयव्हीची तपासणी व प्रतिव्हायरस उपचार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात (‘मेडिकल’मध्ये) उपलब्ध आहेत. परंतु मानेवाड्यापलीकडील बेसा यांसारख्या शहराच्या कडेने झपाट्याने वाढलेल्या निवासी वस्त्यांत व्यसनी व्यक्ती रेल्वेपुलाखाली नव्हे, तर घरात असते व तिचे कुटुंब ही गोष्ट लपवून ठेवते. ठराविक ठिकाणी जाऊन सुया वाटण्याची मुंबईतील पद्धत येथे अपुरी पडते. रोजच्या मात्रेसाठी शहराच्या मध्यभागी जाऊन येणाऱ्या मजुराची अर्धी रोजी बुडते व अशा रुग्णांची उपचारातील गळती वाढते. यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रातून औषध देणे, सोयीच्या वेळा ठेवणे व गुप्तता पाळणे यांस विशेष महत्त्व आहे. शिवाय राज्यात २०१० नंतर मेफेड्रोन (‘एमडी’) या उत्तेजक द्रव्याचा प्रसार झाला. त्यास २०१५ मध्ये मादक पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. उत्तेजकांवर ब्युप्रेनॉर्फीनसारखे पर्यायी औषध उपलब्ध नाही. तेथे समुपदेशन, स्वच्छ साधने व सुरक्षित लैंगिक वर्तन यांवरच भर द्यावा लागतो.

कायदेशीर स्थिती : गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम २७ नुसार हेरॉइनचे सेवन हा एक वर्षापर्यंतच्या कारावासास किंवा दंडास पात्र असा गुन्हा आहे, मात्र स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास कलम ६४-अ अन्वये खटल्यापासून सूट मिळू शकते. सुई देणारा कार्यकर्ता या गुन्ह्यास साहाय्य करतो काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनिश्चित होता. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ च्या कलम २२ ने तो सोडविला. शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार सुई बदलून देणारा व घेणारा, तसेच पर्यायी औषध देणारा व घेणारा, यांपैकी कोणावरही त्या कृतीबद्दल फौजदारी वा दिवाणी दायित्व येत नाही, असे त्यातील उदाहरणांत स्पष्ट केले आहे. हा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. तत्पूर्वी २०११ मध्ये ‘इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९८५ च्या अधिनियमातील काही पुनरावृत्त गुन्ह्यांसाठीची सक्तीची मृत्युदंडाची तरतूद घटनाबाह्य ठरविली होती.

आक्षेप व अनुभव : सुया वाटल्याने व्यसनास उत्तेजन मिळते, हा सर्वांत प्रचलित आक्षेप आहे. विविध देशांत झालेल्या अभ्यासांत अशा सेवांमुळे अंतःक्षेपण घेणाऱ्यांची संख्या वाढल्याचा पुरावा मिळालेला नाही. उलट सेवेच्या संपर्कात आलेल्या व्यक्ती उपचाराकडे वळण्याची शक्यता अधिक असते. एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन आणले जाते, असा दुसरा आक्षेप पर्यायी उपचारावर घेतला जातो. औषधावरील शारीरिक अवलंबन उरते, हे खरे आहे; तथापि सुई, गुन्हेगारी व अतिमात्रेचा धोका यांपासून सुटका होते आणि उपचार चालू असेपर्यंत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटते. सेवा नसल्यास काय घडते, हे अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या स्कॉट कौंटीत २०१५ मध्ये दिसून आले. सुमारे चार हजार वस्तीच्या ऑस्टिन या गावी व भोवताली वेदनाशामकाच्या अंतःक्षेपणातून दोनशेंहून अधिक व्यक्तींना एचआयव्हीची बाधा झाली. त्यानंतर घाईने सुई-विनिमयास परवानगी देण्यात आली व नव्या बाधितांची संख्या ओसरली.

उणिवा : भारतातील सेवा बहुतांशी पुरुषांना समोर ठेवून आखल्या गेल्या. स्त्रियांना दुहेरी कलंक सोसावा लागतो. पुरुषांची गर्दी असलेल्या केंद्रात त्या येत नाहीत आणि सुई वापरण्याची त्यांची पाळी बहुधा जोडीदारानंतर येते. अल्पवयीन मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था अपुरी आहे. कारागृहांतील कैद्यांत एचआयव्हीचे प्रमाण २०२१ मध्ये सु. दोन टक्के आढळले. अटक होताच पर्यायी उपचार खंडित होणे व सुटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत अतिमात्रेने मृत्यू ओढविणे, हे दोन्ही धोके टाळता येण्याजोगे आहेत. औषधांचा पुरवठा खंडित होणे, सहशिक्षकांचे तुटपुंजे मानधन व पोलिसांची बदलती भूमिका यांचाही कार्यावर परिणाम होतो. मिझोरममध्ये प्रौढांतील एचआयव्हीचे प्रमाण २०२१ मध्ये शेकडा २.७ असे देशात सर्वाधिक होते. तेथील अनुभवावरून अंतःक्षेपणाचा प्रश्न एखाद्या लहान गटापुरता राहत नाही, हे स्पष्ट होते. निर्जंतुक सुईची किंमत काही रुपये असते, तर एचआयव्हीचा उपचार आयुष्यभर चालवावा लागतो. ज्याचे व्यसन आज सुटलेले नाही, ते उद्या सुटू शकते. मात्र त्यासाठी तो उद्यापर्यंत जिवंत असावा लागतो, हीच या सेवांमागील मूलभूत भूमिका होय.